पान्याची मूठ आणि डावीकडे वळणारी स्कूटर

पाना हे काही त्याचं खरं नाव नाही. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. झालं असं की तरुणपणी त्याच्या दुकानासमोर एक टेम्पो पंक्चर होऊन थांबला. चाकाचा एक नट गंजून असा बसलेला की हलायचं नाव घेईना. टेम्पोवाला मोठा पाना मागायला पलीकडच्या गॅरेजात गेला, आणि तो परत येईस्तोवर ह्याने नट नुसत्या हाताने काढून टपावर ठेवला होता. असं सगळे सांगतात. फक्त त्याची बायको वेगळं सांगते, आणि ती त्या टेम्पोतच बसलेली होती, टेम्पोवाल्याची मुलगी. ती म्हणते, नट माझ्या बापाने आधीच अर्धा सैल केला होता. पण तिचं कोण ऐकतं? नाव पडलं ते पडलं. आणि त्या नटापायीच दोघांचं लग्न जमलं, म्हणून तीही फार ताणत नाही.

दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड करून उभी पत्र्याची लांबुळकी शेड. पुढच्या भागात ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे. पोट त्याच्यावर चालायचं. जीव मात्र मागच्या भागात होता. तिथे पंजा लढवणाऱ्यांचं सामान बनायचं. कमरेच्या जरा वर येईल असं टेबल, त्याच्यावर कोपर टेकायला गाद्या आणि रिकाम्या हाताने धरायला खुंट्या. पुलीचा खांब, म्हणजे वर चाक, चाकावरून वायर, वायरच्या एका टोकाला वजनं आणि दुसऱ्या टोकाला मूठ. मनगट पिळून काढणारा रोलर. पण ह्या सगळ्यात पान्याची ओळख म्हणाल तर मूठ.

"व्यायामशाळेतला बारीक दांडा दंड फुगवायला ठीक," तो म्हणायचा. "आरशाला बरं वाटतं. पंजा दंडात नसतो, बोटांत असतो."

म्हणून त्याची मूठ जाड. लाकडाचा गोल, मधून सळई, सळईला कडी. पकडलं तर बोटं अंगठ्याला भेटतच नाहीत. वजन ओढायला लागलं की मूठ हातातून निसटायला बघते, आणि तिला निसटू न देणं हाच सगळा व्यायाम. ज्याने पान्याच्या मुठीवर वर्षभर हात घासला, त्याचा पंजा सोडवायला समोरच्याला घाम फुटतो.

आता ही मूठ नेमकी किती जाड हवी? इथे पाना मोजपट्टी लावायचा नाही. जाडी मोजायचा व्हर्नियर दुकानात होता, पण तो बिजागऱ्यांसाठी. मुठीची परीक्षा वेगळी. लेथवर उतरवलेली मूठ पुलीला लावायची आणि पलीकडे सासरा लटकवायचा. सासरा म्हणजे मोडीत आलेल्या लिफ्टमधला वजनाचा ठोकळा. जड, काळा आणि कशानेही न हलणारा, म्हणून सासरा. हे नाव बायकोसमोर घ्यायचं नाही एवढं पथ्य होतं. मग पाना एका हाताने मूठ धरायचा, सासऱ्याला अधांतरी उचलायचा आणि विनोद सांगायचा. एकच विनोद. कायम तोच.

एका माणसाला त्याचा मेहुणा जुनी स्कूटर विकतो. स्कूटर फक्त डावीकडे वळते आणि तिला ब्रेक नाहीत. माणूस निघतो. घर येतं, बायको दारात उभी, म्हणते थांबा, हा म्हणतो थांबता येत नाही, आणि डावीकडे वळून पसार. मग बाजार लागतो, भाजीवाला चालत्या स्कूटरवर मेथीची जुडी फेकतो आणि पैसे पुढच्या फेरीला द्या म्हणतो. मग शाळा लागते, मुलं गेटावर चढून टाळ्या वाजवतात. मग दवाखाना, डॉक्टर खिडकीतून डोकं काढून विचारतात, काय होतंय? हा म्हणतो, डॉक्टर, डावीकडे होतंय. पुन्हा घर. बायको आता कमरेवर हात ठेवून. "अहो, येणार तरी कधी?" आणि हा जाता जाता ओरडतो, "पेट्रोल संपलं की."

त्या पेट्रोलला मूठ हातातून सुटली पाहिजे. त्याच्या आधी सुटली, तर मूठ जाड झाली, लेथवर अजून एक हात मारायचा. विनोद संपला तरी हातातच, तर बारीक झाली, भंगारात. बरोबर पेट्रोलला सुटली, सासरा धाडकन खाली आला, की कडीवर सेंटर पंचने तीन ठिपके. ते तीन ठिपके म्हणजे पान्याचा शब्द. काळ्या दगडावरची रेघ.

हा विनोद सगळ्यात जास्त वेळा कोणी ऐकला असेल तर त्याच्या मुलीने. तिला सगळे ठिणगी म्हणायचे. ग्राइंडर चालवते म्हणून, असं तिला वाटायचं. बाकीच्यांना कारण वेगळं माहीत होतं. नववीत असताना वर्गातला एकजण तिच्या बापाच्या काळ्या नखांवरून हसला. हिने त्याचं दप्तर खिडकीबाहेर फेकलं, आणि शिक्षा म्हणून ते आणायला पाठवली तर दप्तर दारात ठेवून तशीच दुकानात आली. परत काही गेली नाही. तसंही बाकावर बसून तिच्या पायांना मुंग्या यायच्या. दुकानात तिला बरं वाटायचं. इथे मनात येईल ते तोंडावर बोललं तरी ग्राइंडरच्या आवाजात निम्मं वाहून जायचं. आणि बापाबद्दल कोणी वाकडा शब्द काढला तर ती ग्राइंडर बंद करून बोलायची, म्हणजे सगळं ऐकू जावं.

त्या वर्षी पंजाची मोठी स्पर्धा त्यांच्याच शहरात होणार होती. स्पर्धेचा सेक्रेटरी स्वतः दुकानात आला. खुर्ची पुसायच्या आधीच बसला, पँटला ग्रीस लागलं, तरी हसत होता.

"सरावाच्या हॉलमधलं सगळं सामान तुमच्याकडून," तो पान्याला म्हणाला. "टेबलं, पुल्या, मुठी. बाहेरून सगळे नामी हात येणार आहेत. त्यांना कळू दे आपल्याकडे काय बनतं ते."

"बघू, जमवू," पाना म्हणाला. चेहऱ्यावरची माशीही हलू दिली नाही. पण सेक्रेटरी गेल्यावर त्याने न्हाव्याकडे जाऊन दाढी केली, आणि ते त्याने मुलीच्या साखरपुड्याच्या बोलण्यांनाही केलं नव्हतं. ते बोलणं ठिणगीनेच मोडलं, तो भाग वेगळा.

आजवर त्याचं सामान ओळखीच्या हातांत होतं. आता परके हात त्या तीन ठिपक्यांची परीक्षा घेणार होते. कामाचा धडाका सुरू झाला. पाना लेथवर, ठिणगी वेल्डिंगला. तयार मुठी भुशात घालून खोक्यात जायला लागल्या.

अशात एके दिवशी फ्रीज आला. हा सामान हलवायच्या कंपनीत हमाल. एकदा लिफ्ट बंद म्हणून फ्रीज एकट्याने पाठीवर घेऊन वरच्या मजल्यावर नेला, आणि वर गेल्यावर कळलं की इमारत चुकली. तेव्हापासून फ्रीज. पंजात त्याला हरवणारा आसपास कोणी नव्हता, आणि पान्याला तो देवासारखा मानायचा. पाना तेव्हा एका बंगल्याचं गेट बसवायला गेला होता. फ्रीजच्या पुलीची वायर तुटली होती, वायरसकट मूठही घेऊन आला होता. मुठीवर सायकलची काळी ट्यूब गुंडाळलेली.

"हे काय?" ठिणगीने विचारलं.

"ट्यूब."

"ते दिसतंय. का गुंडाळलीयस?"

"हाताला घाम येतो."

"इतकी वर्षं कुठे गेला होता घाम?"

फ्रीज छताकडे बघायला लागला. "ठिणगे, वायर तेवढी बदल. गाडी उभी आहे बाहेर."

तिने ब्लेड घेतलं आणि ट्यूब उभी कापली. फ्रीज अगं अगं करेपर्यंत एक थर निघाला, त्याच्याखाली दुसरा, त्याच्याखाली अजून एक. कांदा सोलावा तशी ती सोलत गेली. शेवटी आतून जी मूठ निघाली ती बघून तिचा हात थांबला. कडीवर तीन ठिपके होते. मूठ मात्र बारकुडी.

"म्हणजे बाबाची मूठ खराब आहे असं म्हणायचंय तुला?"

"मी कुठे काय म्हणतोय?"

"तू नाही. ही ट्यूब म्हणतेय."

फ्रीजसारखा आडदांड गडी, पण बुटाच्या टोकाने जमीन उकरायला लागला. "तू काकांना काही बोलू नकोस हां," एवढंच म्हणाला, आणि वायर न बदलताच पाय काढता घेतला.

ठिणगीला चैन पडेना. संध्याकाळी ती थेट पंजेवाल्यांच्या अड्ड्यावर गेली. फ्रीजच्या कंपनीच्या गोदामाखाली तळघर होतं, तिथे सगळे सराव करायचे. तिला बघून सगळ्यांचे चेहरे कावरेबावरे झाले. भिंतीवरच्या खुंट्यांना मुठी टांगलेल्या. जुन्या मुठी उघड्या, हातांनी काळ्या गुळगुळीत झालेल्या. नवीन एकूण एक गुंडाळलेल्या. कोणावर ट्यूब, कोणावर फडकं, एकीवर तर लोकरी मोजा. इतकी सवय झाली होती त्यांना की नवी मूठ आली की आधी ट्यूब आणि मग वजन.

"कधीपासून चाललंय हे?"

"बारीक व्हायला लागल्या तेव्हापासून," फ्रीज म्हणाला.

"आणि एकालाही सांगावंसं वाटलं नाही?"

"ठिणगे, त्या माणसाने मला हात दिला. आता त्याला जाऊन सांगू का, काका, तुमचा माल हलका झाला म्हणून? त्यापेक्षा ट्यूब बरी."

तिला त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली आणि गळ्यातही पडावंसं वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. दुकानात येऊन तिने व्हर्नियर काढला. मागच्या भिंतीवर खिळ्याला पान्याने बनवलेली सगळ्यात पहिली मूठ टांगलेली असायची. ती मोजली. मग खोक्यातल्या मोजल्या. प्रत्येक मूठ पहिलीपेक्षा करंगळीभर बारीक. तिने व्हर्नियरला शिव्या घातल्या, मग लाकडाला, मग लेथला. लाकूड वाळलं असेल, पट्टा घसरत असेल. सगळ्यांवर खापर फोडून झालं. बापावर फोडायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाना नेहमीसारखा परीक्षेला उभा राहिला. मूठ धरली, सासरा उचलला, स्कूटर निघाली. घर आलं, बायको थांबा म्हणाली. बाजार आला, भाजीवाल्याने जुडी फेकली. आणि पुन्हा घर. "पेट्रोल संपलं की." धाड. सासरा खाली. पाना खुशीत पंच शोधायला लागला.

ठिणगी मास्क वर करून बघतच राहिली. शाळा आलीच नव्हती. दवाखानाही नाही.

मग तिला सगळं लख्ख कळलं. बापाची पकड सुटायला लागली होती. मूठ लवकर निसटली की तो समजायचा, जाड झाली, आणि लेथवर अजून एक हात मारायचा. तेवढ्यानेही भागेना तेव्हा विनोदातली ठिकाणं गळायला लागली, आधी दवाखाना, मग शाळा. त्याला स्वतःला पत्ताच नव्हता. मुठीला माप पान्याच्या हाताचं, आणि हाताला माप मुठीचं. दोघं मिळून हळूहळू आकसत चालले होते आणि एकमेकांना शाबासकी देत होते.

घरी आली तर आई ओट्यापाशी बरण्यांची रांग लावून बसलेली. एकेका बरणीचं झाकण पिळून सैल करायची आणि अलगद परत बसवायची.

"काय करतेस?"

"काही नाही. घट्ट बसलं होतं."

"सगळ्यांचं?"

आईने फडक्याला हात पुसले. "सकाळी कप निसटतो त्यांच्या हातातून. म्हणतात, कपाला कानच धड नाही. मग मी कप बदलते. झाकण उघडेना झालं तेव्हा असे काही गप्प बसले, म्हटलं नकोच ते."

"तुला माहीत होतं?"

"तू दिवसभर त्यांच्याशेजारी असतेस. तुला दिसलं नाही होय?"

ठिणगीच्या तोंडात मारल्यासारखं झालं.

"सांगायचं असेल तर तू सांग," आई म्हणाली. "तोंडावर बोलायचं तुला जमतं. मला झाकणं जमतात."

पण गंमत बघा. जी पोरगी सेक्रेटरीला तोंडावर म्हणाली होती की तुमची पँट मी धुऊन देणार नाही, तिची बापासमोर जीभ उचलेना. तिने पळवाट काढली. पाना जेवायला गेला की ती जुन्या मुठीच्या मापाने नवीन जाड मूठ उतरवायची आणि त्याच्या मुठींत मिसळून ठेवायची. त्याने ती परीक्षेला लावली की बाजार यायच्या आत निसटायची.

"हे कोणी उतरवलं?" पाना लाकडाकडे संशयाने बघत म्हणायचा. "मांडी आहे का मूठ?" आणि पुन्हा लेथवर चढवून तिची काडी करायचा.

स्पर्धेचा टेम्पो शनिवारी येणार होता. खोकं भरत आलं. ठिणगीच्या डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं, बाहेरगावचा कोणीतरी रेडा तिच्या बापाची मूठ दोन बोटांत धरून हलवतोय आणि विचारतोय, हे चमचे कोणी पाठवले? त्याचं दप्तर खिडकीबाहेर फेकता येणार नव्हतं. कारण तो बरोबर असणार होता.

गुरुवारी दुपारी पान्याने परीक्षा घेतली. घर, बाजार, घर, पेट्रोल. धाड. तो पंच उचलायला वळला.

"बाबा, शाळा कुठे गेली?"

"कुठली शाळा?"

"स्कूटर शाळेवरून जायची. मुलं गेटावर चढायची. त्याच्यापुढे दवाखाना होता."

पाना हसला. "अगं, लांबत होता विनोद."

"विनोद नव्हता लांबत."

"मग?"

ठिणगीने ग्राइंडर आधीच बंद केला होता. "तुझी पकड टिकत नाहीये, बाबा. म्हणून मुठी बारीक होतायत. सगळ्याच. कधीपासून ते मला माहीत नाही. फ्रीजने ट्यूब गुंडाळलीये तुझ्या मुठीला. एकाने मोजा घातलाय."

पान्याने पंच तसाच राहू दिला. भिंतीवरची पहिली मूठ काढली, पुलीला लावली आणि सासरा उचलला. विनोद सुरू केला, अगदी सावकाश, एकही शब्द न गाळता. मेहुण्याने स्कूटर विकली. घर आलं. बायको थांबा म्हणाली. भाजीवाल्याने जुडी उचलली, आणि ती फेकायच्या आत सासरा जमिनीवर आदळला.

त्याने हाताकडे बघितलं. मग लेथचं बटण बंद केलं, चपला घातल्या आणि निघून गेला. पत्र्याच्या शेडमध्ये ठिणगी एकटी उरली. तिला पहिल्यांदाच वाटलं की शाळेतच बसून राहिले असते तर बरं झालं असतं.

घरी आईने नेहमीसारखी बरणी पुढे केली. पान्याने झाकण फिरवलं. ते लगेच निघालं. त्याने ते परत लावलं.

"दुसरी दे. तू हात न लावलेली."

आईने ठिणगीकडे बघितलं आणि वरच्या फळीवरची बरणी काढून दिली. पान्याने पिळली, फडकं धरून पिळली, पोटाशी धरून पिळली. झाकण हललं नाही.

"म्हणजे तूसुद्धा," तो म्हणाला.

"मीसुद्धा काय? तो नटही सैलच होता," आई म्हणाली. "माझ्या बापाने अर्धा खोलला होता. मी टेम्पोत बसून बघत होते."

"ते तू इतकी वर्षं सांगतेस."

"आणि तुम्ही इतकी वर्षं ऐकत नाही. सैल होता हे मला ठाऊक होतं. तरी केलं ना लग्न? मग आता झाकणाचं काय घेऊन बसलात."

पाना तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या पोटातून काहीतरी गुडगुडायला लागलं, आणि ठिणगीला आधी वाटलं हा रडतोय की काय. तो हसत होता. इतका हसला की बरणी टेबलावर ठेवायला लागली. "पण खरंच सैल होता?" मधूनच विचारायचा, आणि परत हसायचा.

शुक्रवारी सकाळी तो आधी तळघरात गेला. ठिणगी मागे मागे. फ्रीज आणि मंडळी रांगेत उभी राहिली, जशी काही उत्तरपत्रिका मिळणार आहे. पान्याने एकेक ट्यूब स्वतः सोडवली. मोजा काढला तेव्हा उलटून बघितला.

"हा कोणाचा?"

"माझा, काका," मागून बारीक आवाज आला. "धुतलेला आहे."

"सांगायला काय झालं होतं रे तुम्हाला?"

"तुमच्या तोंडावर कोण सांगणार?" फ्रीज म्हणाला.

"ही बघ, हिने सांगितलं. आणि हिच्याहून तू चौपट आहेस."

फ्रीजने मान खाली घातली. मग पान्याने त्याला आणि अजून दोघांना गचांडी धरल्यासारखं दुकानात आणलं. खोक्यातल्या सगळ्या मुठी ओतल्या आणि कडीवरचे ठिपके कानशीने घासून काढायला बसवलं. टाकून काही दिलं नाही. त्या मुठी नंतर गेटांच्या दांड्या म्हणून बसल्या, आणि आसपासच्या बंगल्यांची गेटं उघडायला एकदम सोपी झाली.

उद्या टेम्पो. सगळं नव्याने उतरवायचं. लेथवर माप कसंबसं येईल, ठिणगीच्या हाताला ते जमत होतं. पण ठिपका कोणाच्या भरवशावर मारायचा?

"फ्रीज धरेल," ठिणगी म्हणाली.

"तो धरेल आणि उद्यापर्यंत सोडणार नाही. मी म्हातारा होईन विनोद सांगता सांगता. तू धर."

"माझा हात लहान आहे."

"ती जुनी मूठ घे. ती बरोबर आहे हे आपल्याला माहीत आहे. तुझा हात कुठे सुटतो ते बघू. तिथपर्यंत विनोद कापू. सोपं आहे."

ठिणगीने पहिली मूठ धरली आणि सासरा उचलला. बोटं ताणली गेली, खांद्यापर्यंत कळ गेली. ती लगेच बोलायला लागली. "एका माणसाला मेहुणा स्कूटर विकतो डावीकडे वळते ब्रेक नाही घर बाजार..."

"थांब, थांब," पाना ओरडला. "आग लागलीये का? असा सांगतात विनोद? अशाने माल बिघडेल. तू नुसतं धर. मूठ तुझी, तोंड माझं."

आणि तो सांगायला लागला. पूर्वीसारखा, चवीने. घर आलं. बाजार आला. शाळा परत आली, मुलं गेटावर चढली, ह्या वेळी एकाचं दप्तरही खिडकीतून बाहेर आलं, आणि ठिणगीला ते ऐकू आलं तरी तिने दात घट्ट आवळले. दवाखाना आला. डॉक्टर, डावीकडे होतंय. पुन्हा घर. "अहो, येणार तरी कधी?" "पेट्रोल संपलं की."

सासरा हवेतच.

पाना थांबला. फ्रीजची कानस थांबली. ठिणगीचा चेहरा लाल झाला होता, मनगटावरची शीर तट्ट फुगली होती, पण मूठ हातातच. वर्षानुवर्षं ग्राइंडर धरून धरून त्या लहान हाताचं काय झालं होतं ते आजवर कोणी, तिने स्वतःही, बघितलंच नव्हतं.

"संपलं ना पेट्रोल?" ती दातांतून म्हणाली.

"संपलं," पाना गडबडला. "म्हणजे, संपलं नाही. रिझर्व्हला लावलं त्याने." त्याच्या डोळ्यांत आता भलतीच चमक होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला ह्या विनोदात पुढे काय होतं ते माहीत नव्हतं. "मग... मग स्कूटर एका पत्र्याच्या शेडवरून जाते. शेडमध्ये एक माणूस उभा असतो, त्याला सगळे पाना म्हणतात. तो म्हणतो, अहो, ब्रेक बसवून देऊ का? स्कूटरवाला म्हणतो, नको. पाना म्हणतो, का? तर म्हणतो, तुमच्या बायकोने सांगितलंय, तुम्ही बसवलेले नट सैल असतात."

ठिणगी फिस्सकन हसली आणि सासरा धाडकन खाली आला.

फ्रीजने टाळ्या वाजवल्या. ठिणगी हात झटकत, हसत जमिनीवर बसली. "शेडपर्यंत गेली," ती म्हणाली. "शेडला सुटली. माझं माप शेड."

"काही नाही शेड," पाना म्हणाला. "हसून सुटली. हसून सुटलेली धरत नाहीत."

"बाबा, हात दुखतोय."

"दुखणारच. ऊठ. दुसऱ्या हाताने पाणी पी, आणि ह्या वेळी हसायचं नाही." त्याने सेंटर पंच खिशातून काढून तिच्याशेजारी लाकडावर ठेवला, सहज ठेवल्यासारखा. मग खाली वाकून दोन्ही हातांनी सासरा सरळ केला. "एका माणसाला त्याचा मेहुणा जुनी स्कूटर विकतो," तो म्हणाला, आणि ठिणगीने परत मूठ धरली.